लाकडाला ओरखडाही नाही

१

आठ खुर्च्यांच्या आठ बैठका कोणीतरी फाडून ठेवल्या होत्या, माझ्या भाचीवर आळ आला होता, दुपारी माल न्यायला गाडी येणार होती, आणि माझे दोन भाचे दारात वाद कसला घालत होते, तर मावशीला फोन करायचं आधी कोणाला सुचलं याचा.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. "श्रेय नंतर वाटून घ्या."

मी आयुष्यभर विमा कंपनीसाठी नुकसान तपासलं. जळलेली गोदामं, पडलेल्या भिंती, 'आपोआप' बुडालेला माल. त्यामुळे घरात काही फुटलं, हरवलं की माझी आठवण होते. एरवी वाढदिवसालाही होत नाही.

माझी बहीण गेली तेव्हा तिच्या मागे तीन मुलं राहिली आणि खुर्च्यांचा कारखाना. खाली कारखाना, वर घर. थोरला सुतार. खुर्चीची चौकट, पाय, पाठ, सगळं लाकूडकाम त्याचं. त्याला सगळे दादा म्हणतात आणि तोही स्वतःला दादाच समजतो. मधली ताई, ती बसायची जागा वेताने विणते. आणि धाकटा. तो काय करतो हे मला अजून नीट कळलेलं नाही. शहरात राहतो, खुर्च्यांचे फोटो काढतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो म्हणे. आजही सकाळच्या गाडीने आलो म्हणाला.

"मावशी, हे ताईने केलंय," दादा म्हणाला. "पहाटे तीच खाली आली होती. आम्ही ठरवलंय. आजपासून तिने कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही. वरची खोलीही सोडायची."

"आम्ही म्हणजे कोणी?"

"घराने."

"घराला बोलता येतं हे मला नवीनच आहे. मग मला कशाला बोलावलंस?"

"तू तिला समजावशील म्हणून. तमाशा नको. संग्रहालयाच्या माणसांसमोर घराची शोभा नको."

म्हणजे निकाल लागलेला होता, मी फक्त शिक्का मारायला हवी होते. मी चष्मा पुसला आणि आत गेले.

लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना चार-चार खुर्च्या सरळ, ओळीत, शिस्तीत उभ्या होत्या. अक्रोडाचं लाकूड, इतकं घासलेलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. संग्रहालयाने या आठ जेवणाच्या खुर्च्या कायमच्या मांडून ठेवायला मागवल्या होत्या. प्रत्येकीची बैठक मधोमध उभी-आडवी कापलेली, अधिकच्या खुणेसारखी. काप चौकटीच्या बोटभर अलीकडे थांबलेला. आठही तसेच. ताईची वाकड्या पात्याची सुरी तिच्याच पाण्याच्या घमेल्यात पडलेली.

मी वाकून बघितलं. वेताच्या कापलेल्या पट्ट्या खाली लोंबत होत्या आणि तशाच वाकून वाळल्या होत्या. एक टोक मी बोटाने वर उचललं. सोडलं तसं ते पुन्हा वाकून जागेवर गेलं. बसायच्या, म्हणजे चकाकत्या बाजूला त्या टोकाशी एक तपकिरी, केसासारखा धागा चिकटला होता. शेजारच्या खुर्चीतही होता. तिच्या शेजारचीतही.

"काय सापडलं?" धाकट्याने मागून विचारलं.

"धूळ," मी म्हटलं, आणि तो धागा चिमटीने काढून रुमालात गुंडाळला.

२

ताई वरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. कपडे भरायची पिशवी शेजारी, रिकामी.

"भरायला घेतलीस?"

"काढली फक्त."

"तू केलंस?"

"नाही."

"मग ओरडत का नाहीस? मी तुझ्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं."

ती बोटाच्या पट्टीचं सुटलेलं टोक खोचत राहिली. मला या पोरीचा राग येतो तो इथेच. आईवर गेली आहे. कोणी पायावर पाय दिला तर पाय हळूच काढून घेईल आणि वर 'लागलं नाही' म्हणेल.

"काल काय काय झालं ते सांग. पहिल्यापासून. मला वेतातलं काही कळत नाही असं समजून सांग."

"दुपारी शेवटची बैठक संपली. वेत पाण्यात भिजवूनच विणावा लागतो, तेव्हाच तो वळतो. वाळला की आखडतो, त्यानेच बैठक ताणली जाते. म्हणून सगळ्या झाल्यावर मी आठही खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवल्या. पाय वर, बैठक खाली, पाठी टेबलाबाहेर लोंबत्या. खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवलं. रात्रभरात खडखडीत वाळतात. सकाळी मी सरळ करते. दरवेळी तसंच करते."

"टेबलावर खाली काही घालतेस?"

"छे. फक्त पुसून घेते. काही घातलं तर ओल्या वेताला धागे चिकटतात, मग टोकरत बसावं लागतं."

"बरं. पुढे?"

"कुलूप लावलं, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. बोटं सुजली होती म्हणून वहिनी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे ही गर्दी. अंधार पडल्यावर आलो. औषधाने गुंगी आली, तशीच झोपले. सकाळी खाली गेले तर खुर्च्या टेबलावर नव्हत्या. सरळ करून जमिनीवर लावलेल्या. मला वाटलं दादाने लावल्या. मग जवळ गेले."

तिने पट्टीच्या हाताने पिशवीचा बंद उगाच सारखा केला.

"जवळ गेलीस. मग?"

"बघितलं. एका टोकाला हात लावला. मग दादाला हाक मारली."

"आणि दादा आला, आणि म्हणाला तूच केलंस."

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"तुला कोणाचा संशय येतो?"

"मावशी, तू आलीस ना? तूच बघ," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. तिला काहीतरी माहीत होतं. एवढं मला डोळे मिटूनही कळलं असतं.

३

दादाची बायको माझी वाटच बघत होती. ही सूनबाई म्हणजे गोड आवाजाची बाई. तिच्याशी दोन मिनिटं बोललं की तोंड धुवावंसं वाटतं.

"मावशी, मला ताईंबद्दल वाईट बोलवत नाही."

"मग चांगलं बोल."

ती जरा अडखळली. असल्या माणसांना एवढंसं पुरतं.

"नाही, म्हणजे, झालं ते तुम्हाला कळायला हवं. मागच्या आठवड्यात संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी खुर्ची उलटी करून बैठकीवर खालून हात फिरवला आणि विचारलं, ही कोणी विणली? हे म्हणाले, ते होय, ते घरातल्या बायका करतात. तर ताईंच्या नाकाला मिरची झोंबली. बाईंसमोर काही बोलल्या नाहीत, पण त्या गेल्यावर काय तोंडाचा पट्टा सोडला! खुर्चीखाली यांची छाप असते ना, तापल्या लोखंडाने डाग देऊन उठवलेली? म्हणे तिच्याशेजारी माझंही नाव हवं. हे नाही म्हणाले. तर म्हणाल्या, मग काढून टाकते सगळ्या बैठका आणि बस तुझ्या लाकडावर. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"कान तुझे तिखटच आहेत. आणि संग्रहालयाच्या बाईंचं काय म्हणणं पडलं पुढे?"

"काय माहीत. परवा यांना फोन आला होता त्यांचा. पाटीवर काय लिहायचं त्याचं काहीतरी. हे नीट सांगेनात. जेवले नाहीत त्या दिवशी."

"काल संध्याकाळी ताई तुझ्यासोबतच होती? मध्ये कुठे गेली नाही?"

"कुठे जाणार? हाताला धरून बसले होते मी डॉक्टरांकडे. पण संध्याकाळचं काय घेऊन बसलात? कापलंय पहाटे. रात्रभर हे माझ्या शेजारी घोरत होते, मी साक्ष देते. खाली सगळ्यात आधी त्याच गेल्या. आणि खुर्च्या सकाळी सरळ कोण करतं? त्याच."

"ताई गेली तर तिच्या खोलीचं काय करणार?"

"आता बाई! त्याचा विचार कोण करतंय?" ती म्हणाली. मग न राहवून म्हणाली, "चालायचं मशीन घ्यायचं चाललंय. ठेवायला जागा नाही."

नणंदेला घराबाहेर काढायचं, तर घरातल्या घरात चालण्यासाठी. समोर सबंध रस्ता पसरला होता, तो बहुधा हिच्या पायाला चालत नसावा.

मी उठले. ती माझ्या मागून दारापर्यंत आली आणि आवाज आणखी गोड करून म्हणाली, "माझ्या दिराशी बोललात का? नाही, मी काही म्हणत नाही. फक्त जिन्याखाली एकदा बघा."

४

जिन्याखाली जुन्या पोत्यांच्या मागे एक लांब गुंडाळी उभी होती. पोतं बाजूला केलं. तयार वेताची जाळी, यंत्रावर विणलेली, चटईसारखी गुंडाळलेली. वर दुकानाचा कागद तसाच चिकटलेला.

मी धाकट्याला तिथेच बोलावून घेतलं. गुंडाळी बघून त्याच्या दाढीखालचा चेहरा उतरला. दाढी त्याने कारागीर दिसावं म्हणून ठेवली आहे. दिसतो आजारी.

"हे काय आहे?"

"मावशी, तो एक कन्सेप्ट आहे."

"मराठीत सांग."

"म्हणजे, एक बैठक विणायला ताई किती दिवस लावते! ही जाळी कापायची आणि लावायची. लोकांना कळतही नाही. ब्रँड दादाच्या नावावर चालतो, मावशी, वेताच्या नाही."

"म्हणजे बैठका फाटल्या तर तुझं भलंच झालं. आज दुपारी जाळी बसवून देशील गाडीत चढवून."

"बसवता येईल ना?" त्याने आशेने विचारलं.

मी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, त्या चौकटींना कडेने भोकं आहेत, भोकं. हाताने ओवायची. जाळी दाबून बसवायला खाच लागते. तुझ्या घरात हा धंदा तुझ्या जन्माआधीपासून चाललाय आणि तुला भोक आणि खाच यातला फरक माहीत नाही?"

तो गुंडाळीकडे असा बघत राहिला की जणू तिनेच त्याला फसवलं असावं.

"ही आणलीस कधी? तू तर म्हणालास सकाळच्या गाडीने आलो."

त्याने बाजूला केलेलं पोतं पुन्हा गुंडाळीपुढे ओढलं.

"हे बघ, तू चांगलं खोटं बोलला असतास तर मी ऐकून घेतलं असतं. कधी आणलीस?"

"काल संध्याकाळी," तो पुटपुटला. "मागच्या दाराने आलो. कोणी बघू नये म्हणून ही इथे लपवली आणि मित्राकडे झोपायला गेलो. दादाला कळलं असतं तर त्याने मला सोलून काढलं असतं. मागे एकदा मी फोटोसाठी एक खुर्ची फरशीवरून ओढली, पायाला चरा पडला, तर महिनाभर बोलला नव्हता माझ्याशी."

"घरात कोणी होतं?"

"वर कोणी दिसलं नाही. कारखान्यात दिवा होता. दार आतून लावलेलं. मला वाटलं ताई काम करतेय. म्हणून तर आवाज न करता निघालो."

"दिवा होता? नक्की?"

"दाराखालून उजेड येत होता ना."

ताई तेव्हा डॉक्टरांकडे होती, वहिनीने हात धरलेला होता. मग आत कोण होतं? हा खरं बोलत असेल तर एकच माणूस उरत होता. खोटं बोलत असेल तर तो स्वतः.

५

दादा कारखान्यात आपल्या कामाच्या फळीशी उभा होता. फळीवर जुनं तपकिरी ब्लँकेट पसरलेलं आणि त्यावर एका नव्या खुर्चीचा पाय आडवा. तो मऊ कापडाने पाय पुसत होता. शेजारी आठ खुर्च्या फाटून पडल्यात आणि हा पाय पुसतोय.

"झालं बोलून तिच्याशी?" त्याने न वळता विचारलं.

"होईल. काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

"संध्याकाळी? वर पडलो होतो. डोकं दुखत होतं."

"खाली उतरला नाहीस?"

"नाही. संध्याकाळी सगळं ठीकच होतं ना? पहाटेचं बोल."

"उतरला नाहीस, तर ठीक होतं हे तुला कसं कळलं?"

त्याचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागला. "ताईनेच सांगितलं, की खुर्च्या ठेवून, कुलूप लावून गेली."

उत्तर वाईट नव्हतं. निदान या घरात आज ऐकलेल्या सगळ्यांत बरं. मी जाता जाता ब्लँकेटवर हात टेकला, आणि हात उचलला तेव्हा तळव्याला तपकिरी धागे लागले होते.

"सगळ्यांना वर जेवणाच्या खोलीत बोलाव," मी म्हटलं. "ताईलाही. मी तिला समजावते. तुमच्या देखत."

"शाब्बास," दादा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. इतका भाबडा माणूस इतका नीच कसा असू शकतो, हे मला एवढी गोदामं तपासूनही उमगलेलं नाही.

वर जेवणाच्या टेबलाभोवती घरातल्या वापरातल्या खुर्च्या होत्या. त्याही दादाच्या आणि ताईच्याच. सगळे बसले. सूनबाईने चेहरा दुःखी करून ठेवला होता. धाकटा जिन्याकडे बघत होता. ताई दाराशी उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

मी घमेल्यातली वाकडी सुरी बरोबर आणली होती. ती टेबलावर ठेवली आणि एक रिकामी खुर्ची मधे ओढून घेतली.

"ताई, ही तूच विणलीस ना?"

"हो. आईसाठी विणली होती."

"कापू?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग हो म्हणून मान हलवली.

मी सुरी बैठकीच्या मधोमध खुपसली आणि ओढली.

६

ताड, ताड, ताड. वाळलेल्या, ताणलेल्या वेताचा आवाज फटाक्यांसारखा येतो. सूनबाई किंचाळली. धाकटा "मावशी, अगं!" म्हणत अर्धा उठला. ताईने डोळे मिटून घेतले. मी दादाकडे बघत होते. तो आरामात बसला होता, हात मांडीवर.

"आता टोकं बघा," मी म्हटलं. "कशी आहेत?"

धाकटा वाकला. "ताठ आहेत. वर उडालीत."

"वाळलेला वेत कापला की तो असा तुटतो आणि ताठ राहतो. मुद्दाम वाकवलंत तर मोडेल. खाली जाऊन त्या आठांची टोकं बघा. मऊ पडून लोंबली आणि तशीच वाळली. म्हणजे कापली तेव्हा ओली होती. पहाटे बैठका खडखडीत असतात. त्या पहाटे कापलेल्याच नाहीत. काल संध्याकाळी कापल्यात, ओलं फडकं फिरवून ताई बाहेर पडल्यावर. मग सरळ करून ओळीत लावून ठेवल्या. सकाळी सरळ करते ताई, म्हणजे सगळ्यांनी म्हणावं की पहाटे ताईनेच केलं."

"पण संध्याकाळी तर मी आणि ताई डॉक्टरांकडे..." सूनबाई म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली. पहिल्यांदाच ती काहीतरी उपयोगाचं बोलली होती.

"बरोबर. तुम्ही दोघी गेलात. उरले हे दोघे. धाकटा म्हणतो दिवा होता, दादा म्हणतो वर पडलो होतो. एकजण खोटं बोलतोय."

"हाच," दादा म्हणाला. "याची जाळी बघितलीस ना जिन्याखाली?"

"बघितली. पण मी तुला जाळीचं कुठे सांगितलं? तू खाली उतरला नव्हतास म्हणे."

"सकाळी बघितली," तो म्हणाला. पटकन म्हणाला. वाद घालत बसले असते तर तो संध्याकाळपर्यंत असाच सुटत राहिला असता. म्हणून मी वाद घातला नाही. सुरीचं पातं खुर्चीच्या चौकटीवर टेकवलं, समोरच्या गोल कडेवर, जिथे लाकूड आरशासारखं झालं होतं, आणि जोर देण्यासाठी मनगट वळवलं.

"लाकडाला लावू नकोस!"

दादा टेबलावरून झेपावला. कप उलटा झाला, खुर्ची मागे पडली. त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

धाकट्याने उलटा झालेला कप सरळ केला.

"सोड," मी म्हटलं. "आईसाठी विणलेली बैठक मी तुझ्यादेखत फाडली, तेव्हा तुझी पापणी हलली नाही. लाकडावर पातं ठेवलं, कापलं नाही, नुसतं ठेवलं, तर हा असा."

त्याने हात सोडला.

मी रुमाल उलगडला. "हा तुझ्या फळीवरच्या ब्लँकेटचा धागा. असे बैठकांच्या बसायच्या बाजूला चिकटलेत, म्हणजे खुर्ची उलटी असताना बैठकीखाली ब्लँकेट होतं. ताई टेबलावर काही घालत नाही. मग घातलं कोणी? ज्याला बैठक फाडायची होती, पण सुरी आरपार जाऊन टेबलाला लागू नये असंही वाटत होतं. काप चौकटीच्या बोटभर अलीकडे थांबलेत. आठच्या आठ. कडेने कापणं सोपं होतं, चौकटीला लागलं असतं एवढंच. धाकट्याने केलं असतं तर एव्हाना आठांना चरे पडले असते, टेबलाला खड्डे पडले असते आणि स्वतःचं बोट तुटलं असतं. त्याला एवढं नाजूक काम येत नाही."

"हे मात्र खरं आहे," धाकटा म्हणाला.

"नुकसान करणारा माणूस आधी खाली ब्लँकेट अंथरतो, हे मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मला एवढंच सांग. का?"

दादाने पडलेली खुर्ची उचलली. आधी तिचा पाय निरखून बघितला, चरा नाही ना म्हणून. मग सरळ ठेवली.

"परवा त्या बाईचा फोन आला," तो म्हणाला. "पाटीवर ताईचं नाव आधी लिहिणार म्हणे. विणकाम अमुक, लाकूडकाम तमुक. तमुक मी. मी बारा प्रकारे घासतो एकेक पाय, मावशी. बाबांनी मला शिकवलं, हिला नाही. ती बाई आली, खुर्ची उलटी केली आणि नुसता वेत चाचपून गेली. लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही तिने."

"एवढंच?"

"एवढंच कसं? जन्म गेला माझा!"

"मला वाटलं होतं निदान काहीतरी मोठं निघेल," मी म्हटलं. "घर, वाटणी, गेला बाजार एखादं जुनं वैर. तू तर शाळेतल्या पोरासारखा निघालास. पहिला नंबर हुकला म्हणून शेजारणीची वही फाडणारा. आणि वर तिलाच वर्गाबाहेर काढायला निघालास."

सूनबाई रडायला लागली. कशासाठी ते कळलं नाही, मशीन तेवढं गेलं होतं.

मी ताईकडे वळले. "आणि तू? तुला सकाळीच कळलं होतं. टोकाला हात लावलास तेव्हाच. ओलं कापलंय, ब्लँकेटचा धागा आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला आधी कळणार? का नाही बोललीस?"

"तो बोलेल म्हणून थांबले होते," ताई म्हणाली. "मला वाटलं, रागाच्या भरात केलं असेल. मी हाक मारली तेव्हा तो येईल, मान खाली घालेल, म्हणेल, तायडे, चुकलं. मी तिथेच बसून पुन्हा विणायला घेतलं असतं, या बोटांनी. कोणाला कळूसुद्धा दिलं नसतं. पण तो आला आणि म्हणाला, तूच केलंस."

दादाने वर बघितलं. त्याचा चेहरा आता मला बघवेना, आणि मी पुष्कळ चेहरे बघितलेत.

"विण ना परत," तो म्हणाला. "बाईंना सांगू, थोडे दिवस द्या. तुझं नाव घालू. आधी घालू. मी स्वतः डाग देतो खुर्चीखाली, तायडे."

ताईने खोलीतली पिशवी उचलली आणि ती जिना उतरून खाली गेली. आम्ही सगळे मागून गेलो. तिने कोपऱ्यातलं घमेलं उपडं करून पाणी ओतून दिलं, विणायच्या खुंट्या आणि टोचा फडक्यात बांधला, उरलेल्या वेताची जुडी काखेत घेतली. मग कात्री उचलली आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन, घाई न करता, लोंबणाऱ्या पट्ट्या कापून भोकांतून ओढून काढल्या. आठही चौकटी मोकळ्या केल्या. तिनेही लाकडाला ओरखडा पडू दिला नाही.

"मावशी, तुझ्याकडे मागची खोली आहे ना? नळाजवळची?"

"आहे. अडगळ आहे तिच्यात."

"अडगळ मी काढते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. संग्रहालयाचा माणूस कागद घेऊन आत आला, टेबलाभोवतीच्या चौकटी बघून थबकला आणि कोणाला विचारावं ते न कळून ताईलाच म्हणाला, "आठ खुर्च्या न्यायच्या होत्या."

"खुर्च्या नाहीत," ताई म्हणाली. "लाकूड आहे, ते यांचं. यांना विचारा." मग ती दादाकडे वळली. आवाज चढवला नाही. "बस ना, दादा. किती वेळ उभा राहशील?"

दादाने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली. हाताला गोल, गुळगुळीत कड लागली आणि आत नुसतं भोक. तो तसाच उभा राहिला. मी ताईच्या हातातली पिशवी घेतली. ती जड नव्हती.